यादीतली 169 नावं: सातारा जिल्ह्यातल्या एका दारूबंदी मतदानाचं प्रकरण

हे प्रकरण सातारा जिल्ह्यातल्या, कराडच्या बाजूच्या एका गावाचं आहे. गावाचं नाव दिलेलं नाही, माणसांची नावं बदलली आहेत आणि ओळख पटू नये म्हणून गावातले आकडे थोडे सरकवले आहेत. कोणत्या टप्प्यावर काय ठरलं, कोण काय बोललं, ते मात्र घडलं तसंच आहे. मी त्या वेळी गावातल्या बचत गटांच्या हिशेबाचं काम बघत होते, त्यामुळे बहुतेक बैठकांना हजर होते. जे केलं त्यात माझाही हात होता आणि जे चुकलं त्यातही होता.

पार्श्वभूमी

गाव ऊसपट्ट्यातलं. खालची रानं बागायत, वरच्या अंगाला माळ. घरटी एकजण मुंबईला नाहीतर कारखान्यावर. देशी दारूचं सरकारमान्य दुकान पूर्वी महामार्गाला लागून होतं, गावठाणापासून लांब. डिसेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांपासून 500 मीटरच्या आतली दारूची दुकानं बंद करायला सांगितलं आणि 1 एप्रिल 2017 पासून त्याची अंमलबजावणी झाली. रस्त्यावरचे अपघात कमी व्हावेत म्हणून झालेला तो आदेश. पण परवाना रद्द झाला नव्हता, जागा फक्त बदलायची होती. दुकान गावात आलं, एसटी थांब्याच्या मागच्या गाळ्यात.

गावात दुकान येण्यासाठी ग्रामसभेचा ना हरकत ठराव झाला होता. आम्ही नंतर प्रोसिडिंग बुक मागून बघितलं. हजेरीच्या 112 सह्यांमध्ये बायकांच्या 9. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असं ग्रामपंचायतीचा कायदा सांगतो. तशी सभा झाल्याची नोंद होती, पण सह्या केलेल्या दोघींना विचारलं तर त्या म्हणाल्या, शिपाई वही घेऊन दारात आला होता. सरपंचपद बाईसाठी राखीव होतं. महाराष्ट्रात 2011 पासून पंचायतींत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, त्यामुळे त्यात नवल नव्हतं. खुर्चीवर बसत त्यांचे मालक.

पहिल्या दोन वर्षांत काय झालं ते मला वहीत दिसत होतं. ज्या गटांत दरमहा शंभर रुपयांचा हप्ता कधी चुकला नव्हता, तिथे खाडे पडायला लागले. कमल नावाची बाई भांगलणीची हजेरी, म्हणजे दिवसाच्या मजुरीचे पैसे, डाळीच्या डब्यात ठेवायची. ती जागा नवऱ्याला सापडली. मग तिने पैसे चुलीमागच्या राखेच्या डब्यात पुरले, तेही सापडले. शेवटी ती संध्याकाळी रानातून परस्पर माझ्या दारात यायची, हातापायाला चिखल तसाच, पदराच्या गाठीतून नोटा सोडायची आणि म्हणायची, "तुमच्या वहीत लिवा. घरी न्यायच्या न्हाईत." नोटा घामाने ओल्या असायच्या. मी त्या वर्तमानपत्रावर पसरून वाळवायची.

बैठकीत विषय निघाला तो तिच्यामुळेच. मुलाची दहावीची परीक्षा चालू होती आणि गणिताच्या पेपरच्या आदल्या रात्री तो बापाला एसटी थांब्यावरून खांद्यावर टाकून घरी घेऊन आला होता. कमलने एवढंच सांगितलं आणि ती गप्प बसली. त्या दिवशी हप्त्यांची वही उघडलीच नाही.

समोरचे मार्ग

चार गोष्टी बोलल्या गेल्या.

पहिली, दुकान फोडायचं. हे म्हणणाऱ्यांत सगळ्यात पुढे होत्या ऐंशी ओलांडलेल्या हिराआत्या. पत्रीसरकारच्या काळात, म्हणजे 1943 ते 1946 मध्ये, याच भागात दारूचे गुत्ते बंद पाडले होते आणि बायकांना मारणाऱ्यांना शिक्षा झाल्या होत्या, हे त्यांनी आईच्या तोंडून ऐकलेलं. "तवा कुनाची परवानगी घेतली हुती?" असं त्या विचारायच्या. त्यांचा राग खरा होता आणि मला तो आजही चुकीचा वाटत नाही. पण दुकानाला परवाना होता, गुन्हे आमच्यावर दाखल झाले असते आणि कोर्टाच्या तारखांना हजेरी बुडवून जाणार कोण?

दुसरी, आधीचा ठराव फिरवायचा. त्यासाठी ग्रामसभेत हात वर करायचे. नवरा, दीर, सोसायटीचा चेअरमन, उसाची तोड ठरवणारा माणूस, सगळे समोर बसलेले असताना.

तिसरी, पालकमंत्र्यांना निवेदन. ते दिलं. पोच मिळाली.

चौथी गोष्ट गटातल्या एकीच्या भावाने सांगितली, तो तलाठी होता. 25 मार्च 2008 च्या शासन आदेशानुसार गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी किमान 25 टक्के जणींनी सह्यांनिशी मागणी केली, तर सह्यांची पडताळणी होऊन फक्त महिलांचं गुप्त मतदान घेतलं जातं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. दुकान बंद करायचं तर आडवी बाटली, चालू ठेवायचं तर उभी.

"गुप्त" हा शब्द ऐकला आणि बैठकीचा नूर बदलला. जिने तोवर तोंड उघडलं नव्हतं, तिने विचारलं, "म्हंजी घरी कळणार न्हाई?" निर्णय तिथेच झाला. वर्षानुवर्षं ग्रामसभेत हात वर न करणाऱ्या बाईचं मत नसतं असं नाही. ते दाखवायची किंमत तिला माहीत असते.

पहिलं मतदान

यादीत महिला मतदार 1,240. म्हणजे अर्जाला किमान 310 सह्या हव्यात. आम्ही 418 गोळा केल्या. पडताळणीला राज्य उत्पादन शुल्क खात्याची माणसं गावात आली तेव्हा प्रत्येकीने ओळखपत्र घेऊन समोर यायचं होतं. दिवस कामाचा, भांगलणीचा हंगाम. ज्या आल्या त्यांची हजेरी बुडाली. तरी 337 सह्या टिकल्या आणि मतदानाचा दिवस जाहीर झाला.

जिल्हा परिषदेच्या शाळेत सकाळी आठपासून रांग लागली. नऊवारीतल्या म्हाताऱ्या, ड्रेसवरच्या पोरी, कडेवर लेकरं. शाळेच्या फाटकासमोरच्या कट्ट्यावर दुकानाच्या बाजूची माणसं दिवसभर बसून होती. कोणी कोणाला काही बोललं नाही, फक्त कोण येतंय ते बघत राहिली. सरपंचताई दुपारी एकट्या आल्या, मत दिलं, कोणाकडे न बघता गेल्या.

संध्याकाळी मोजणी झाली. एकूण मतं 684. आडवी बाटली 587, उभी बाटली 79, बाद 18. बाहेर हलगी तयार होती. मतमोजणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी आकडे वाचले आणि मग सांगितलं की मतदान अपुरं आहे, दुकान चालू राहील.

झालेल्या मतांच्या निम्मी मतं पुरेशी नसतात. यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्यापेक्षा जास्त आडवी बाटलीला लागतात. 1,240 च्या निम्म्या 620, म्हणजे किमान 621 हवी होती. आम्हाला 34 कमी पडली. मत दिलेल्या शंभरातल्या पंच्याऐंशी जणी "बंद करा" म्हणाल्या आणि दुकान दुसऱ्या दिवशी वेळेवर उघडलं.

हा नियम आम्हाला माहीत नव्हता असं नाही. आदेशात तो लिहिलेला होता, मी स्वतः वाचला होता. पण त्याचा अर्थ मला कळला नव्हता. या मतदानात घरी बसलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. घरी बसलेलीच नाही, तर गाव सोडून गेलेली आणि मेलेलीसुद्धा.

यादीवरचं काम

आठ दिवस कोणी कोणाशी धड बोललं नाही. मग हिराआत्यांनीच यादी मागवली. "किती बायका हायत गावात ते तरी बघू," म्हणाल्या.

भैरवनाथाच्या देवळाच्या सभामंडपात रोज रात्री जेवणानंतर तासभर यादीचं वाचन चालायचं. मी नाव वाचायची, बायका सांगायच्या. पाचव्या पानावर एक नाव आलं आणि कोणीच बोलेना. मी पुन्हा वाचलं. खांबाजवळ बसलेली एक सून हळूच म्हणाली, "आत्याबाई माझ्या. सहा वर्षं झाली जाऊन." ज्या सासूने मरताना तिच्या हातात स्वतःच्या पाटल्या दिल्या होत्या, तिचं मत गेल्या महिन्यात दुकानाच्या पारड्यात पडलं होतं.

एकूण मिळालं ते असं. मृत 41. लग्न होऊन सासरी गेलेल्या आणि नाव इथेच राहिलेल्या 131. आणि नांदायला आलेल्या, पाच-पाच वर्षं इथे राहणाऱ्या, पण यादीत नसलेल्या 25 सुना. त्यांची नावं माहेरच्या यादीत होती. म्हणजे त्यांच्या माहेरच्या गावांत कोणी असंच मतदान मागितलं असतं, तर या पंचवीस जणी तिथे अडचण ठरल्या असत्या. काही घरांना सुनेचं नाव इकडे आणायची घाई नव्हती. रेशनकार्डातलं नाव माहेरहून कमी केल्याचा दाखला आणायचा, आधारवरचं नाव बदलायचं, त्यासाठी हेलपाटे घालणार कोण, असं उत्तर यायचं.

इथे थोडं मागे जावंसं वाटतं. आपला जिल्हा तेव्हाच्या मुंबई इलाख्यात होता. त्या इलाख्याच्या कायदेमंडळाने 1921 साली बायकांना मताचा अधिकार दिला, पण मालमत्तेची अट पुरुषांना होती तशीच लावून. ज्या बाईच्या नावावर काहीच नव्हतं, तिला तो अधिकार कागदावरच. राज्यघटनेने 1950 मध्ये अट काढली आणि प्रत्येक प्रौढ बाईला मत दिलं. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची यादी करताना देशभरात लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच लिहून दिलं. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी नावासह दुरुस्त करायला सांगितल्या आणि शेवटी सुमारे 28 लाख बायकांची नावं यादीतून निघाली. त्यातल्या बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या होत्या. पण सभामंडपात मी ही गोष्ट सांगितली तेव्हा कोणाला ती लांबची वाटली नाही. बाईचं नाव कोणाच्या तरी घराला जोडूनच यादीत येतं. घर बदललं की नाव हरवतं, नाहीतर नको तिथे राहतं.

शालनचा आक्षेप

मृतांची आणि गाव सोडलेल्यांची नावं कमी करण्यासाठी नमुना 7 भरायचा असतो. ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू नोंदीवरून 41 अर्ज लगेच तयार झाले. 131 लेकींचे अर्ज भरायला घेतले तेव्हा घाई झाली होती. "लग्न झालंय, गेली" एवढंच बघून आम्ही खुणा करत होतो.

चौथ्या दिवशी शालन सभामंडपाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. आत आली नाही. तिचं लग्न सांगली जिल्ह्यात झालेलं, नवऱ्याने तीन वर्षांत घराबाहेर काढलं, तेव्हापासून अकरा वर्षं ती भावाच्या घराला लागून एका खोलीत राहते. शिवणकाम करते. पहिल्या मतदानात तिने दारोदार फिरून तीसेक जणींना रांगेत उभं केलं होतं. ती म्हणाली, "माझ्या नावावर खूण केलीसा. मी कुठं गेले?"

मी सांगायला लागले की नजरचुकीने झालं. तिने थांबवलं. "नवऱ्यानं त्याच्या रेशनकार्डातनं काढलं. भावाच्या कार्डात मी न्हाई. ह्या एका यादीत माझं नाव हाय. तेबी तुमीच काढताय, दारू बंद करायला."

त्या रात्री काम थांबलं. दोघीतिघींचं म्हणणं होतं की एकीचं नाव परत घेऊ आणि पुढे जाऊ, वेळ कमी आहे. हिराआत्या आणि मी म्हणालो, सगळी 131 नावं पुन्हा बघायची. प्रत्येक लेकीला स्वतःला फोन करायचा, भावाला किंवा बापाला विचारून चालणार नाही. या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय कोणता असं मला विचारलं तर मी हाच सांगेन. आठ दिवस त्यात गेले. आणखी दोन नावं सापडली: एक विधवा होऊन माहेरी परतलेली, एक जिचा नवरा घरजावई होता. घरच्यांनी दोघींना सवयीने "दिलेली पोरगी" म्हणून सांगितलं होतं. 131 च्या 128 झाल्या.

फोनचा दुसरा फायदा आम्ही धरला नव्हता. नाव नुसतं कमी करण्यापेक्षा तिने सासरच्या पत्त्यावर नमुना 8 भरला, तर तिकडे नोंद होते आणि इकडची आपोआप जाते. बऱ्याच जणींनी तसं केलं. काहींनी सासरी पहिल्यांदाच मत दिलं ते त्यानंतर.

दुसरं मतदान

169 नावं गेली, 25 आली. यादी 1,096 वर आली. आता 549 मतं हवी होती.

या वेळी तीन गोष्टी बदलल्या. पडताळणीसाठी वस्तीवार वेळा मागून घेतल्या, म्हणजे पूर्ण दिवस बुडणार नाही. 430 पैकी 391 सह्या टिकल्या. मतदान रविवारी व्हावं असा लेखी अर्ज तहसीलदारांकडे दिला आणि तो मान्य झाला. आणि मुंबईकर बायका चैत्रातल्या यात्रेला येतात म्हणून तारीख यात्रेला लागून मिळावी अशीही विनंती केली. मिळाली ती यात्रेनंतरच्या रविवारी. बऱ्याचजणी तोवर परतल्या होत्या, दहाबारा मात्र मुद्दाम राहिल्या.

रांगेत उभ्या असणाऱ्यांकडे कोण बघतंय, याची धास्ती कमी करण्यासाठी शालनने एक साधी युक्ती काढली. वस्तीतल्या सगळ्या बायकांनी एकत्रच यायचं, ज्यांना दुकान चालू हवं त्यांच्यासकट. घोळक्यात कोण कोणत्या बाजूची ते कळत नाही.

मतं झाली 803. आडवी बाटली 664, उभी बाटली 127, बाद 12.

उभ्या बाटलीची मतं 79 वरून 127 झाली, हे लपवायचं कारण नाही. पैसे वाटले गेल्याची चर्चा होती, पण सगळ्यांचं कारण पैसे नव्हतं. दुकानात कामाला असलेल्या चौघांची घरं होती, समोर अंडा-भुर्जीची गाडी लावणारी एक विधवा होती. तिला आम्ही कधी विचारलंच नव्हतं की दुकान गेलं तर तुझं काय.

पुढे काय झालं

परवाना बंद झाल्याचा आदेश आला. गाळ्याला कुलूप लागलं, आता तिथे पशुखाद्याचं दुकान आहे. कमलचा नवरा पिणं थांबला नाही. चार किलोमीटरवरच्या गावात जाऊन पितो, पण रोज नाही, आणि रात्री तिथेच कोणाच्या तरी ओट्यावर पडतो. कमल म्हणते की निदान हजेरीचे पैसे घरी ठेवता येतात. डाळीच्या डब्यातच ठेवते.

पहिल्या सहा महिन्यांत दोन घरांतून चोरून विक्री सुरू झाली. बायकांनी पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार दिली, एक घर बंद झालं, दुसरं आजही अधूनमधून चालतं.

ग्रामसभेआधीची महिला सभा आता खरोखर होते. सरपंचताईंनी सभेची सूचना स्वतःच्या सहीने काढायला सुरुवात केली. मतदानात त्या कोणत्या बाजूला होत्या ते त्यांनी आजवर सांगितलेलं नाही आणि आम्ही विचारलेलंही नाही.

पुन्हा करायचं झालं तर

यादी आधी वाचावी, सह्या नंतर गोळा कराव्यात. आम्ही उलट केलं आणि त्यात जवळजवळ एक वर्ष गेलं. त्या वर्षात कमलच्या मुलाची अकरावीची फी दोनदा थकली. हे मी स्वतःला माफ करू शकलेले नाही, कारण हिशेब बघणं माझं काम होतं आणि 1,240 च्या निम्म्यांचा हिशेब मी अर्जाच्या दिवशीच मांडायला हवा होता.

नाव कमी करण्याचा अर्ज हा जिचं नाव आहे तिच्याशी बोलल्याशिवाय भरू नये. खात्याची नोटीस, घरभेट, चौकशी असतेच, पण ती भेट घरी होते आणि उत्तर घरातला पुरुष देतो. टाकलेल्या, परतलेल्या, माहेरी राहणाऱ्या बायकांची यादी आधी वेगळी करून ठेवावी.

दुकानावर ज्यांचं पोट आहे त्यांच्या घरी मतदानाआधी जावं. भुर्जीच्या गाडीवालीला ग्रामसंघातून, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघातून, कर्ज द्यायचं आम्हाला मतदानानंतर पाच महिन्यांनी सुचलं. तिने घेतलं, एसटी थांब्यावर वडापाव लावला. पण त्या पाच महिन्यांत तिने दागिना मोडला होता. व्यसन सोडवण्याच्या उपचारांचीही सोय आम्ही आधी बघितली नाही. गावातले सात-आठ जण जायला तयार होते, तेव्हा न्यायला आमच्याकडे ना गाडी होती ना कुठे न्यायचं याची माहिती.

शालनने नंतर तहसील कार्यालयात स्वतंत्र रेशनकार्डासाठी अर्ज केला. रहिवासाचा पुरावा मागितला तेव्हा तिने मतदार यादीची प्रत जोडली, स्वतःच्या नावाखाली शिवणकामाच्या निळ्या खडूने रेघ ओढून. कार्ड तिला मिळालं. मतदार यादीचा नवा मसुदा आला की आता तीच सभामंडपात वाचायला बसते आणि लेकींना फोन लावायचं काम दुसऱ्या कोणाकडे देत नाही.